लोह-उत्प्रेरकांची बातमी उताऱ्याच्या टक्क्यांपाशी थांबू नये

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सेंद्रिय रसायनशास्त्रात पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या दुर्मिळ धातूंऐवजी लोह वापरून अभिक्रिया घडवून आणण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत आणि त्यांची दखल वृत्तपत्रांच्या विज्ञानविषयक पानांवर अधूनमधून घेतली जाते, ही समाधानाची बाब आहे. मात्र या बातम्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. लोह स्वस्त आहे, मुबलक आहे, शरीराला फारसे घातक नाही, आणि अमुक अभिक्रियेत त्याने भरघोस उतारा, म्हणजे अपेक्षित पदार्थ, दिला, एवढे सांगून बातमी संपते. त्या चंबूत लोहाने नेमके काय केले, ते कोणत्या रूपात होते आणि हे कशावरून कळले, हा प्रश्न तिथे येतच नाही. इतकेच काय, पुष्कळदा मूळ शोधनिबंधातही तो शेवटच्या पानावरच्या एका अंदाजी आकृतीवर भागवलेला असतो. लोहाच्या संयुगांचे वर्णपट घेणे आणि त्यांचा अर्थ लावणे हेच माझे काम असल्याने या उणिवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

लोहाची बाजू भक्कम आहे, यात वाद नाही. कार्बन-कार्बन बंध जोडणाऱ्या पॅलेडियमच्या अभिक्रियांसाठी रिचर्ड हेक, एइ-इची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि औषधनिर्मितीत या अभिक्रिया आता नित्याच्या झाल्या आहेत. पण पॅलेडियमचे जगातले उत्पादन मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिका या दोनच देशांतून होते. भूकवचात लोह वजनाने सुमारे ५ टक्के आहे, तर पॅलेडियमचे प्रमाण अब्जांशांत मोजावे लागते. औषधात उरणाऱ्या धातूच्या अंशाबाबत युरोपीय औषध संस्थेने २००८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक मर्यादा पाहिल्या, तर तोंडाने घ्यायच्या औषधात पॅलेडियम दहा लाख भागांत १० भागांपर्यंत चालत असे आणि लोह १३०० भागांपर्यंत. एवढा फरक असल्यावर उद्योगांना लोहाचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच आहे.

या आकर्षणापोटीच काही वेळा घाई होते. कार्बन आणि नायट्रोजन यांचा बंध जोडणाऱ्या काही अभिक्रिया केवळ फेरिक क्लोराइड या लोहाच्या क्षाराने घडतात, असे २००७ च्या सुमारास कार्स्टन बोल्म यांच्या गटाने प्रसिद्ध केले होते. पुढे २००९ मध्ये स्टीफन बुकवाल्ड आणि स्वतः बोल्म यांनी मिळून असे दाखवून दिले, की वेगवेगळ्या ठिकाणाहून आणलेले फेरिक क्लोराइड वेगवेगळा उतारा देते, अतिशुद्ध फेरिक क्लोराइड घेतल्यास अभिक्रिया मंदावते, आणि त्यात दहा लाखांत काही भाग इतके नगण्य तांबे मिसळले की उतारा पुन्हा वर येतो. ज्याचे श्रेय लोहाला मिळत होते, ते काम निदान काही अंशी तांब्याचे होते. आधीचे मत ज्या शास्त्रज्ञाच्या गटाने मांडले होते, त्यानेच ही तपासणी खुलेपणाने प्रसिद्ध करावी, याचा मला फार आदर वाटतो. पण उतारा हा उत्प्रेरकाची ओळख पटवणारा पुरावा नाही, हेही त्या एका उदाहरणाने कायमचे स्पष्ट व्हायला हवे होते, आणि तसे ते झालेले दिसत नाही.

धातूंच्या अशा अंशांचा शोध प्लाझ्मा वापरून केलेल्या वर्णपटमापनाने लागतो आणि ही तपासणी आता कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेला अवघड नाही. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. काम लोहच करते आहे, हे निश्चित झाले, तरी चंबूत टाकलेले लोह आणि प्रत्यक्ष काम करणारे लोह यांचे रूप क्वचितच एक असते. पॅलेडियमचा अणू साधारणपणे शून्य आणि दोन या ऑक्सिडेशन अवस्थांमध्ये शिस्तीने ये-जा करतो, त्याचे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बदलतात, आणि त्याची बहुतेक संयुगे चुंबकीय दृष्ट्या निष्क्रिय असल्याने सेंद्रिय रसायनतज्ज्ञाच्या हाताशी रोज असणाऱ्या, रेणूंची रचना दाखवणाऱ्या एनएमआर यंत्रावर ती व्यवस्थित दिसतात. लोहाचे तसे नाही. ते एकेक इलेक्ट्रॉन देते-घेते, प्रसंगी जोडीनेही देते. उणे दोनपासून अधिक सहापर्यंतच्या अवस्थांत त्याची संयुगे माहीत आहेत. आणि द्विसंयुजी लोहात चारपर्यंत, तर त्रिसंयुजी लोहात पाचपर्यंत एकटे, म्हणजे जोडी न जमलेले, इलेक्ट्रॉन असू शकतात. या एकट्या इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वामुळे एनएमआरवरच्या रेषा इतक्या रुंद होतात आणि आपल्या नेहमीच्या जागेपासून इतक्या दूर सरकतात, की पुष्कळदा त्या पार्श्वभूमीत विरून जातात. त्यातच ही संयुगे हवा लागताच बिघडतात, शून्याखाली ऐंशी अंश सेल्सिअस तापमानालाही काही मिनिटेच टिकतात, आणि एका द्रावणात त्यांचे दोन-तीन प्रकार एकाच वेळी नांदत असतात. सेंद्रिय रसायनाच्या नेहमीच्या साधनांनी लोहाचा माग लागत नाही तो यामुळे.

इथे लोहाची एक देणगी उपयोगी पडते. रुडॉल्फ मॉसबाउअर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधातून, ज्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले, असे कळले की घन पदार्थात घट्ट बसलेले अणुकेंद्रक धक्का न खाता गॅमा किरण सोडू आणि शोषू शकते. या कामासाठी सर्वांत सोयीचे ठरलेले केंद्रक म्हणजे लोहाचा ५७ वस्तुमानांकाचा समस्थानिक. त्याचा गॅमा किरण १४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा असतो आणि तो कोबाल्ट-५७ या सुमारे २७२ दिवस अर्धायुकालाच्या स्रोतातून मिळतो. हा स्रोत नमुन्यासमोर सेकंदाला काही मिलिमीटर एवढ्या संथ वेगाने पुढेमागे हलवला, की डॉप्लर परिणामामुळे किरणाची ऊर्जा किंचित कमीजास्त होते. सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने होणारा बदल तीस हजार कोटींत एक भाग इतका बारीक असतो. एवढ्या बारकाईने ऊर्जा बदलता येत असल्यामुळेच केंद्रकाभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची दाटी किती आणि त्यांची मांडणी कितपत विषम, हे मोजता येते. पहिल्या गोष्टीला समघटकीय विस्थापन म्हणतात, दुसरी गोष्ट वर्णपटातील दोन दऱ्यांमधल्या, म्हणजे किरण शोषले गेल्याने पडलेल्या खळग्यांमधल्या, अंतरावरून कळते. या दोन आकड्यांवरून लोह द्विसंयुजी आहे की त्रिसंयुजी, त्याचे किती इलेक्ट्रॉन एकटे आहेत, भोवती कार्बन आहे की ऑक्सिजन, याचा बराच नेमका कयास बांधता येतो.

या पद्धतीचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा गुण असा, की ती नमुन्यातले सगळे लोह दाखवते. चुंबकीय असो वा नसो, अणू एकटा असो वा पुंजक्यात असो, प्रत्येक लोहअणू आपापली नोंद करतो आणि दऱ्यांच्या क्षेत्रफळावरून कोणत्या रूपात साधारण किती टक्के लोह आहे, हे सांगता येते. अभिक्रियेत हिशेब लागला पाहिजे, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. उत्प्रेरकाचा हिशेब लावून देणारी याहून सरळ पद्धत माझ्या माहितीत नाही.

हे काम कसे चालते, याची थोडी कल्पना वाचकांना द्यावीशी वाटते. हवा आणि बाष्प यांचा लवलेशही नसलेल्या बंद पेटीत जाड रबरी हातमोज्यांतून हात घालून फेरिक क्लोराइडाचे टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकातले पिवळसर द्रावण थंड केले जाते. हे लोह साधे चालत नाही, कारण निसर्गातील लोहात ५७ वस्तुमानांकाचा समस्थानिक २ टक्क्यांहून किंचित जास्त असतो आणि विरल द्रावणात तेवढ्याने वर्णपट उमटत नाही. म्हणून त्या समस्थानिकाने समृद्ध केलेला लोहधातू आणून त्यापासूनच हा क्षार तयार करावा लागतो. द्रावकही पारखून घ्यावा लागतो. क्लोरिनयुक्त द्रावक घेतला, तर क्लोरिनचे अणूच गॅमा किरण गिळून टाकतात आणि लोहापर्यंत फारसे काही पोचत नाही. द्रावणात ग्रिन्यार अभिकर्मक, म्हणजे मॅग्नेशियमला कार्बनी गट जोडलेले संयुग, सोडला, की रंग झपाट्याने गडद होत जातो. ठरलेल्या क्षणी त्यातले थोडे द्रावण डेलरिन या प्लॅस्टिकच्या छोट्या कपात ओतायचे आणि तो कप द्रवरूप नायट्रोजनने आधीच गार करून ठेवलेल्या खळग्यात बसवायचा. काही सेकंदांत द्रावण काचेसारखे गोठते आणि अभिक्रिया आहे त्या टप्प्यावर थांबते. पुढे तो कप शून्याखाली जवळजवळ दोनशे अंशांवर यंत्रात ठेवून किरण मोजत राहायचे. सुरुवातीचे काही तास पडद्यावर नुसते ठिपक्यांचे धुके असते. मग हळूहळू एक दरी खोल होऊ लागते, तिच्या शेजारी दुसरी दिसते, आणि एखाद्या नमुन्यासाठी एक-दोन दिवस मोजणी चालल्यावर कुठे ठामपणे सांगता येते, की यात लोहाची दोन रूपे आहेत, तीन नाहीत. उताऱ्याचा आकडा यापेक्षा कितीतरी लवकर हाती येतो, हे मान्य. पण दोन्हींतून मिळणारी माहिती निराळी असते.

एवढे असूनही मॉसबाउअर वर्णपट एकटा पुरत नाही. दोन वेगळी संयुगे जवळजवळ सारखाच वर्णपट देऊ शकतात. म्हणून त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे ईपीआर, वापरतात. एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असलेले लोह, म्हणजे मुख्यतः एकसंयुजी आणि त्रिसंयुजी लोह, या यंत्रावर दिसते आणि अगदी थोडे असले तरी दिसते. नेमकी हीच गोष्ट घात करते. सम संख्या असलेले द्विसंयुजी लोह नेहमीच्या मांडणीत ईपीआरला दिसत नाही, त्यामुळे द्रावणातले पंच्याण्णव टक्के लोह गप्प असताना उरलेल्या पाच टक्क्यांचा संकेत ठळक उमटतो आणि पाहणारा त्यालाच उत्प्रेरक समजून बसतो. ज्ञात संहतीच्या नमुन्याशी तुलना करून संकेत किती टक्के लोहाचा आहे, हे काढल्याखेरीज ईपीआरवरून काहीही ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हे मोजमाप न देणारे निबंध आजही प्रसिद्ध होतात.

तिसरी पद्धत चुंबकीय वर्तुळी द्विवर्णतेची. नमुना द्रवरूप हेलियमच्या तापमानाजवळ नेऊन, कित्येक टेस्ला चुंबकीय क्षेत्रात ठेवून, उजव्या आणि डाव्या वर्तुळी ध्रुवीभूत प्रकाशाचे शोषण किती वेगळे आहे ते पाहायचे. अवरक्ताला लागून असलेल्या पट्ट्यात लोहाच्या डी-इलेक्ट्रॉनांची संक्रमणे नेहमीच्या शोषण वर्णपटात इतकी फिकी असतात की हाती लागत नाहीत. इथे ती उठून दिसतात आणि लोहाभोवती चार शेजारी आहेत की सहा, त्यांची मांडणी चौफलकी आहे की सपाट, हे त्यावरून उलगडते. क्ष-किरण शोषणाचाही मोठा आधार आहे. लोहाची शोषण-कडा ७११२ इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी असते, ऑक्सिडेशन अवस्था वाढली की ती वर सरकते, आणि कडेपलीकडच्या लहरींवरून शेजारच्या अणूंची अंतरे मिळतात. फक्त सिंक्रोट्रॉन या कणत्वरक यंत्राचा प्रखर किरणच कधीकधी नमुन्यातले लोह क्षपित करून टाकतो, ही काळजी घ्यावी लागते.

या पद्धती एकत्र आल्या की काय साधते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण जे कोची यांच्या अभिक्रियेचे आहे. कोची आणि तामुरा यांनी १९७१ मध्ये दाखवले, की टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये साधा फेरिक क्लोराइड अत्यल्प प्रमाणात टाकला तर ग्रिन्यार अभिकर्मक आणि व्हायनिल हॅलाइड यांची जोडणी साध्या तापमानाला होते. पॅलेडियमच्या नामांकित अभिक्रिया अजून पुढे यायच्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट आहे. त्याच दशकात कोची यांच्या गटाला या द्रावणात एका एकट्या इलेक्ट्रॉनाचा ईपीआर संकेत दिसला आणि उत्प्रेरक एकसंयुजी लोह असावे, असा तर्क त्यांनी मांडला. उपलब्ध साधनांच्या मर्यादेत तो तर्क अतिशय सुज्ञ होता. पण संकेत ज्याचा होता ते संयुग कोणाच्याही हाती लागले नाही, आणि पुढची चार दशके या अभिक्रियेच्या यंत्रणेवर मतांतरे होत राहिली. कोणी शून्य अवस्था सुचवली, कोणी थेट उणे दोन.

अखेर २०१६ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील मायकेल नायडिग यांच्या गटाने ते संयुग अतिशीत तापमानाला स्फटिकरूपात वेगळे केले. ते एका लोहअणूचे संयुग नव्हतेच. आठ लोहअणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर, घनाच्या बारा कडांवर बारा मिथिल गट, आणि साऱ्या पुंजक्यावर मिळून एक ऋण प्रभार, अशी त्याची रचना निघाली. बारा मिथिल गटांचे बारा ऋण प्रभार आणि पुंजक्याचा एक ऋण प्रभार यांचा हिशेब केला, तर आठ अणूंत मिळून अधिक अकरा, म्हणजे प्रत्येकी सरासरी १.३७५ ही ऑक्सिडेशन अवस्था येते. कोची यांचा अंदाज आकड्याने फार दूर नव्हता, चित्र मात्र पूर्णपणे निराळे होते. आठ अणूंचा पुंजका एकच इलेक्ट्रॉन एकटा ठेवतो, असे कोणाच्या कल्पनेतही नव्हते. या गटाने स्फटिक मिळाल्यावर समाधान मानले नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते. गोठवलेल्या अभिक्रिया-द्रावणाचे वर्णपट आणि शुद्ध संयुगाचे वर्णपट जुळतात का, हे त्यांनी पाहिले, आणि तो पुंजका व्हायनिल ब्रोमाइडाच्या जातीच्या रेणूशी कसा वागतो, तेही तपासले. जादा ग्रिन्यार अभिकर्मक सोबत असेल तेव्हाच तो झटपट आणि निवडक रीतीने अपेक्षित पदार्थ देतो, असे त्यातून निघाले.

या कथेचा पुढचा भाग उद्योगांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. एन-मिथिलपायरोलिडोन, म्हणजे एनएमपी, हा सहद्रावक घातल्यास लोहाच्या जोडणी-अभिक्रिया फार सुधारतात, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस जेरार काहिए यांच्या कामातून पुढे आले आणि अलोइस फ्युर्स्टनर यांनी ते सूत्र मोठ्या कौशल्याने विस्तारले. एनएमपी लोहाला चिकटून त्याला स्थिर ठेवत असावा, असे साहजिकच मानले जात होते. वर्णपटांनी आणि स्फटिकरचनेने २०१८ मध्ये वेगळेच सांगितले. एनएमपीचे सहा रेणू लोहाला सोडून मॅग्नेशियमभोवती कोंडाळे करतात, आणि मॅग्नेशियम असे बांधले गेल्यामुळे आठ अणूंच्या पुंजक्याऐवजी तीन मिथिल गट असलेले एकटे द्विसंयुजी लोह द्रावणात टिकून राहते. एनएमपी प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक असल्याने युरोपात त्याच्या वापरावर २०२० पासून कडक बंधने आली आहेत. त्याला पर्याय शोधणाऱ्याने पूर्वीच्या समजुतीवर विसंबून लोहाला धरून ठेवणारे रेणू चाचपले असते. आता त्याला मॅग्नेशियमला पकडणारे रेणू शोधायचे, हे कळले आहे. पर्यायाचा शोध कोणत्या दिशेने न्यायचा, हे ठरवण्याइतका व्यवहारी उपयोग या मूलभूत कामाचा झाला, एवढेच मला दाखवायचे आहे.

जैवरसायनशास्त्रज्ञांनी ही शिस्त आधीच अंगी बाणवली होती. कार्बन-हायड्रोजन बंध तोडणाऱ्या लोहयुक्त विकरांमध्ये (एन्झाइमांमध्ये) चतुःसंयुजी लोह आणि ऑक्सिजन यांचे क्षणजीवी संयुग असावे, असा तर्क जुना होता. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात मार्टी बॉलिंजर आणि कार्स्टन क्रेब्स यांनी २००३ मध्ये ‘टॉडी’ या विकराचे द्रावण ऑक्सिजनशी मिसळून ते सेकंदाच्या छोट्याशा अंशात अतिशीत द्रवात फवारले आणि गोठलेल्या कणांच्या मॉसबाउअर वर्णपटात ते संयुग पकडले. पुढे रामन वर्णपटात नेहमीच्या ऑक्सिजनऐवजी १८ वस्तुमानांकाचा जड ऑक्सिजन वापरल्यावर लोह-ऑक्सिजन बंधाच्या कंपनाची वारंवारता अपेक्षेप्रमाणे खाली आली आणि शंकेला जागा उरली नाही. सायटोक्रोम पी-४५० या विकरातील अशाच बहुचर्चित अवस्थेचे वर्णपट २०१० मध्ये जोनाथन रिटल आणि मायकेल ग्रीन यांनी मिळवले. विकरांच्या अभ्यासात आधी मधली अवस्था पकडायची आणि मग यंत्रणा मांडायची, हा दंडक झाला आहे. सेंद्रिय उत्प्रेरणात मात्र आकृती आधी येते आणि तपासणी जमली तर नंतर होते.

वर्णपटविज्ञानाने सर्व प्रश्न सुटतात, असा माझा दावा नाही. द्रावण गोठवताना त्यातील समतोल बदलू शकतो. जे संयुग सर्वांत जास्त प्रमाणात साठते, ते अनेकदा सर्वांत आळशी असते, आणि खरे काम करणारे संयुग इतके अल्पायुषी असते की ते कोणत्याच यंत्राला सापडत नाही. स्फटिकांचेही तसेच, सहज स्फटिकरूप घेणारा पदार्थ हा अभिक्रियेच्या मार्गावरचा आहे की बाजूला पडलेला, हे वेगळे सिद्ध करावे लागते. म्हणूनच सापडलेले संयुग अभिक्रियाकारकांशी किती वेगाने वागते आणि तो वेग संपूर्ण अभिक्रियेच्या वेगाशी जुळतो का, हे पाहणे अनिवार्य आहे. फॉस्फिन लिगंड (धातूला धरून राहणारे फॉस्फरसयुक्त रेणू) असलेल्या लोह-उत्प्रेरकांच्या बाबतीत हा वाद बराच रंगला. ब्रिस्टलच्या रॉबिन बेडफर्ड यांनी अत्यल्प संयुजेच्या लोहाचा प्रश्न चिकाटीने लावून धरला. नायडिग यांच्या गटाने वर्णपट आणि वेग यांची सांगड घालून अशा काही अभिक्रियांत द्विसंयुजी लोहच मुख्य काम करते आणि एकसंयुजी लोह मागाहून, थोड्या प्रमाणात, बाजूला तयार होते, असे दाखवले. मतभेद होते, पण दोन्ही बाजू मोजलेल्या गोष्टींवर बोलत होत्या, आणि म्हणूनच तो वाद पुढे सरकला.

या पार्श्वभूमीवर विज्ञानविषयक मजकूर देणाऱ्या संपादकांना आणि वार्ताहरांना माझी विनंती आहे. लोहाच्या नव्या उत्प्रेरकाची बातमी करताना संशोधकांना उताऱ्याबरोबर हेही विचारावे, की वापरलेल्या लोहक्षारात इतर धातू किती होते, हे मोजले का. अभिक्रिया चालू असताना लोह कोणत्या रूपात होते, याचा वर्णपट घेतला का. आणि घेतला असेल, तर त्यात एकूण लोहापैकी किती टक्क्यांचा हिशेब लागला. उत्तर ‘अजून नाही’ असेल, तरी त्याने बातमीचे मोल कमी होत नाही. फक्त ‘लोहाने हे घडवले’ असे ठाम वाक्य न लिहिता ‘लोहक्षार घातल्यावर हे घडले’ असे लिहावे लागेल, आणि तेच खरे असेल. यंत्रणेवर काम करणाऱ्या गटांचे निष्कर्ष चमकदार नसतात, त्यात नवा पदार्थ किंवा विक्रमी आकडा नसतो, म्हणून ते वृत्तमूल्याच्या चाळणीत खाली राहतात. दहा-पंधरा वर्षांपासून वापरात असलेली अभिक्रिया आता कुठे समजली, हीसुद्धा बातमी आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

संशोधनाला पैसा देणाऱ्यांनाही एक गोष्ट सुचवायची आहे. सेंद्रिय उत्प्रेरणाचा प्रकल्प मंजूर करताना समृद्ध समस्थानिक, कोबाल्टचा स्रोत, द्रवरूप हेलियम आणि मोजणीला लागणारे दिवस यांची तरतूद ही चैन समजली जाते आणि सर्वांत आधी तिला कात्री लागते. कोबाल्टचा स्रोत तर वर्षभरात निम्म्याहून अधिक क्षीण होतो आणि मोजणीचा काळ त्या प्रमाणात लांबत जातो. हा खर्च एकदा करून संपणारा नाही, हे आराखड्यातच धरायला हवे. अभ्यासक्रमांचीही तीच स्थिती आहे. पदव्युत्तर विद्यार्थी मॉसबाउअर वर्णपट भौतिक किंवा अकार्बनी रसायनाच्या एका प्रकरणात परीक्षेपुरता शिकतो, आणि सेंद्रिय उत्प्रेरणाच्या तासाला लोहाच्या चक्राची आकृती वहीत उतरवून घेतो. त्या आकृतीतील प्रत्येक संयुगापुढे ‘हे कोणत्या वर्णपटाने दिसले’ असा रकाना असावा, एवढा साधा बदल करता येण्यासारखा आहे. मी माझ्या वर्गात तो करून पाहिला, तेव्हा पुष्कळशा रकान्यांत लिहायला काही सापडेना, आणि विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त प्रश्न त्या रिकाम्या रकान्यांवरच विचारले.

कळावे.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक संशोधक-अध्यापिका